सरकार जमीन देतं, अनुदान देतं, तरी गरिबाचं घर गावाबाहेरच का उभं राहतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी कामगाराच्या वारस म्हणून घरासाठीचा त्यांचा अर्ज म्हाडाकडे पडून आहे आणि आता शेलू-वांगणीच्या घरांची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचली आहे. त्यांनी विचारलंय: "सरकारकडे मुंबईत जमिनी आहेत. घरामागे अनुदानही जाहीर झालंय. मग आमचं घर कर्जत लायनीला का? हा भ्रष्टाचार आहे की नियोजनच असं असतं?"

भ्रष्टाचार किती, हे मी सांगू शकत नाही. पण सगळे अधिकारी आणि सगळे बिल्डर धुतल्या तांदळासारखे आहेत असं धरून हिशेब मांडला, तरी घरं शेलूलाच जातात. हे समजून घेतलं पाहिजे, कारण माणसं बदलून हे बदलत नाही. अनुदान कशावर मोजायचं हा नियम एखादा कक्ष अधिकारी टिपणीत लिहितो, आणि घर कुठे उभं राहणार ते तिथेच ठरून जातं. नकाशा नंतर काढला जातो. मी नगररचनाकार म्हणून या दोन्ही टेबलांवर बसलो आहे, आणि नकाशाच्या टेबलावर बसणाऱ्याला वाटतं तेवढी सत्ता त्याच्याकडे नसते.

आधी साधा हिशेब करू. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या भागीदारी तत्त्वावरच्या घरांना, म्हणजे ३० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या घराला, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळत. घर ठाण्यात बांधा नाहीतर वांगणीला, रक्कम तेवढीच. आता समजा जिने-भिंती धरून एका घराचं बांधकाम ४५० चौरस फूट होतं आणि एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, अडीच आहे. म्हणजे त्या घराच्या वाट्याला १८० चौरस फूट जमीन आली. जमीन पाचशे रुपये फुटाने मिळाली तर जमिनीचा भार नव्वद हजार, आणि आठ हजार रुपये फुटाने घ्यावी लागली तर १४ लाख ४० हजार. हे दर मी उदाहरणापुरते घेतलेत. तुमच्या भागातले दर घालून पाहा, निष्कर्ष बदलणार नाही. पहिल्या ठिकाणी अडीच लाखांत जमीन फिटते आणि वर पैसे उरतात. दुसऱ्या ठिकाणी अनुदान जमिनीच्या पाचव्या हिश्शालाही पुरत नाही. बांधकामाचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच, कारण सिमेंट-सळई वांगणीला काही स्वस्त मिळत नाही. मग निविदा भरणारा कुठे जाईल? आणि सरकारी बाबू तरी कुठे जाईल, ज्याला मार्चअखेर 'इतकी घरं मंजूर' असा आकडा द्यायचाय?

शेलू-वांगणीचा प्रस्ताव याच साच्यातला आहे. सुमारे ८१ हजार घरं, खाजगी विकासकांच्या जमिनीवर, पंधरा लाखांच्या घराला सरकारचे साडेपाच लाख, कामगाराचे साडेनऊ लाख. सीएसएमटीपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. कामगार संघटना जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात बसल्या त्या "घर मुंबईतच" या मागणीसाठी, आणि त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी सहाची गाडी पकडून बघावी.

पण सरकार पैसे न देता जमिनीच्या रूपात सवलत देतं, तेव्हा तरी जागा चांगली मिळते का? इथे मुंबईची गोष्ट फार बोलकी आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला. रोख पैसे न देता सरकार बांधकामाचा हक्क देऊ लागलं, जो दुसरीकडे नेऊन वापरता किंवा विकता येतो. १९९५ ला झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झालं आणि मोफत घराच्या बदल्यात बिल्डरला विक्रीचं बांधकाम मिळू लागलं. त्या वेळच्या नियमातलं प्रमाण लक्षात ठेवा: पुनर्वसनाच्या दहा चौरस फुटांमागे शहर भागात साडेसात फूट, उपनगरात दहा, आणि धारावीसारख्या अवघड भागात सव्वातेरा फुटांच्या जरा वर. ज्यांनी हे लिहिलं त्यांना नेमकं कळत होतं की वरळीचा एक फूट आणि भांडुपचा एक फूट एकच नाही. जिथे भाव जास्त तिथे बक्षीस कमी, जिथे भाव कमी तिथे जास्त. २०१८ च्या नियमावलीत तर हे प्रमाण जमिनीचा दर भागिले बांधकामाचा दर अशा गुणोत्तरावरच बसवलं.

आता १९९१ च्याच नियमावलीतलं दुसरं कलम घ्या. प्रकल्पबाधितांसाठी, म्हणजे रेल्वे, रस्ता, नाला यांच्या आड आलेल्या कुटुंबांसाठी, मोकळ्या खाजगी भूखंडावर घरं बांधून सरकारला फुकट द्यायची आणि बदल्यात जमिनीचा टीडीआर आणि बांधकामाचा टीडीआर घ्यायचा. आमच्या धंद्यात याला नुसतं 'तीन अकरा' म्हणतात, कलमाच्या आकड्यावरून. इथे मात्र जमिनीच्या भावाचा विचार गायब. मानखुर्दची जमीन दिली काय, अंधेरीची दिली काय, फुटाला फूट. मिळालेला टीडीआर शहर भागात चालत नव्हता, पण उपनगरांत तो विलेपार्ल्याला किंवा घाटकोपरला नेता येई, आणि त्याचा भाव जिथे तो उतरतो तिथल्या घरांच्या किमतीवर ठरे. म्हणजे मानखुर्दच्या भावाने जमीन घ्यायची आणि पार्ल्याच्या भावाने हक्क विकायचा. या व्यवहारात सगळ्यात जास्त नफा कुठे? मुंबईतली सगळ्यात स्वस्त जमीन जिथे असेल तिथे.

आणि ती कुठे आहे हे मुंबईकराला सांगायला नको. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, कत्तलखाना १९७१ पासूनचा, तेलशुद्धीकरण कारखाने पन्नाशीच्या दशकातले. महापालिकेचा 'एम पूर्व' विभाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, शहरातला सगळ्यात खालचा. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड, वाशी नाका, ही सगळी पुनर्वसनाची मोठी वस्ती याच पट्ट्यात एकवटली. जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी परिवहन प्रकल्प २००२ ला सुरू झाला, तेव्हा रुळांलगतच्या आणि जोगेश्वरी-विक्रोळी, सांताक्रुझ-चेंबूर जोडरस्त्यांवरच्या कुटुंबांची घरं मोठ्या प्रमाणात इथे शोधली गेली. या जोडरस्त्यांमुळे उठवल्या जाणाऱ्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी पथकाकडे तक्रार केली. २००६ च्या मार्चमध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखला. एवढं होऊनही टीडीआरचं ते फुटाला फूट तसंच राहिलं.

लोकांना वाटतं की एखाद्या मंत्र्याने "गरिबांना मानखुर्दला टाका" असा आदेश काढला असेल. तसा कागद कुठे नाही. तशी गरजच नव्हती.

घनतेचं कलमही याला जोडूनच येतं. पुनर्वसनाच्या इमारतींत हेक्टरी किमान ५०० घरं बसवायची अट होती. हे किमान आहे, कमाल नाही. मोकळ्या जागेच्या अटी सैल केल्या, कारण जितकी घरं जास्त तितका टीडीआर जास्त. म्हणून नटवर पारेखला दोन इमारतींमध्ये तीन मीटरची गल्ली उरते आणि खालच्या मजल्यांवर दुपारी दिवे लावावे लागतात. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथल्या वस्त्यांचा अभ्यास केला तेव्हा उजेड-वारा नसलेल्या खालच्या मजल्यांचा आणि क्षयरोगाचा संबंध समोर आला. मला यात नवल वाटलं नाही. अनुदान घरांच्या संख्येवर दिलं की घरांची संख्याच मिळते.

माहुलचं उदाहरण आता सगळ्यांना माहीत आहे. सतरा हजारांवर घरं, शेजारी रिफायनऱ्या. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हलवताना लोकांना तिथे पाठवलं. हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच ताशेरे ओढले होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आधी कुटुंबांना महिन्याला १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्यायला सांगितलं, आणि मग कुणालाही तिथे सक्तीने पाठवू नये असा निकाल दिला. फुकट मिळालेल्या घरासाठी लोक कोर्टात जाऊन भाड्याचे पैसे मागतात, यावरून त्या ठिकाणाची किंमत काय ते समजा. आणि हिशेब करा की ज्या 'फुकट' घरांसाठी टीडीआर दिला गेला, तीच घरं रिकामी ठेवून वर भाडंही द्यायची वेळ आली.

गंमत अशी की जागेवरच्या पुनर्वसनात याच्या बरोबर उलट घडतं. तिथे विक्रीच्या इमारतीला भाव यावा लागतो, म्हणून बिल्डर वांद्रे, अंधेरी, वरळीच्या झोपडपट्ट्यांमागे धावतात आणि गोवंडी-मानखुर्दच्या सोसायट्या वर्षानुवर्षं विकासक शोधत बसतात. ज्या विभागात झोपड्या सगळ्यात दाट, तिथल्या लोकांना जागेवर घर मिळत नाही. मात्र बाहेरून उठवलेल्यांची घरं त्याच विभागात येऊन पडतात. वरवर हे उलटसुलट दिसतं, पण दोन्हीकडे जागा निवडणारा बिल्डर एकच आहे आणि त्याचं गणितही एकच.

आता ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग: सरकारकडे मुंबईत जमिनी आहेत, त्यांचं काय?

गिरण्यांचीच जमीन घ्या. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने साधारण सहाशे एकरांची वाटणी ठरवली होती: एक तृतीयांश मोकळ्या जागा, एक तृतीयांश म्हाडाची घरं, एक तृतीयांश मालक. देशात जमिनीचा इतका मोठा वाटा इतक्या मोक्याच्या ठिकाणी घरांसाठी कागदावर आला असेल असं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. २००१ मध्ये त्या कलमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. जिथे शेड उभी आहे ती जमीन वाटणीच्या बाहेर. गिरणीत शेडच जास्त असणार, अंगण किती असणार? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली. दरम्यान २००५ मध्ये केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्या लिलावात काढल्या होत्या. दादरची कोहिनूर क्रमांक ३ एकटी ४२१ कोटींना गेली. तो पैसा महामंडळाच्या पुनरुज्जीवनासाठी होता म्हणे.

परिणाम आकड्यांत पाहा. कामगार आणि वारसांचे अर्ज दीड लाखाच्या आसपास. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं, सव्वादोनशे चौरस फुटांची, पण गिरणगावातच. २०२० पर्यंतच्या सगळ्या सोडती धरून १५,८७०. त्यातलीही २,४१७ घरं गिरण्यांच्या जमिनीवर नाहीत, ती पनवेलजवळ कोनला.

कोनची घरं तिथे का, हेही सांगतो, कारण ती मूळ तुमच्यासाठी नव्हतीच. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली होती. खाजगी जमीनमालकाला चार एफएसआय द्यायचा. त्यातला एक त्याने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांसाठी बांधून द्यायचा आणि तीन स्वतः विकायचे. कल्पना वाईट नव्हती. पण पुन्हा तेच: चार एफएसआय कुठेही मिळतो म्हटल्यावर अर्ज आले ते पनवेल, कल्याण, भिवंडीच्या बाजूच्या मोठ्या, स्वस्त तुकड्यांवरून. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस कामाच्या जागेजवळ खोली शोधतो; तो हायवेवरच्या माळरानात कशाला जाईल? योजना बारगळली, दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची घरं केली आणि ती गिरणी कामगारांना सहा लाखांत देऊ केली. सोडत २०१६ ला निघाली, ताब्यासाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, मध्ये कोविडमध्ये त्याच इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि मग दुरुस्ती कोणी करायची यावर वेळ गेला.

पवईची कथा वेगळ्या वळणाची आहे. तिथे १९८६ च्या त्रिपक्षीय करारात दोनशे तीस एकर जमीन एकरी ४० पैसे दराने, ऐंशी वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकासकाला दिली. अट ही की घरं ४० आणि ८० चौरस मीटरची असावीत आणि त्यातली १५ टक्के सरकारला १३५ रुपये फुटाने मिळावीत. जागा उत्तम होती आणि जमीन जवळजवळ फुकट. छोट्या घरांऐवजी उभं काय राहिलं ते तुम्ही पवईला जाऊन पाहू शकता. उच्च न्यायालयाला २०१२ मध्ये सांगावं लागलं की आधी ती तीन हजारांवर छोटी घरं बांधा, मग बाकीचं. म्हणजे जमीन स्वस्त देणं पुरेसं नाही. घर हातात येईपर्यंत जमिनीचा हक्क सोडायचा नसतो, आणि सरकारने तो करारावर सही करतानाच सोडला होता.

मग कुठे जमलंच नाही का? जमलं, चारकोपला. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ ते १९९४ या काळात चारकोप, गोराई वगैरे ठिकाणी राज्याने घरं बांधली नाहीत, तर आखून-रेखून भूखंड दिले. लहान भूखंड २५ ते ४० चौरस मीटरचे, तीसपस्तीस कुटुंबांची एक सोसायटी, मध्ये चौक, रस्ते-पाणी-गटार आधी. मोठे भूखंड आणि व्यापारी जागा बाजारभावाने विकून लहानांचा भार उचलला. तेव्हा चारकोप म्हणजे खाडीकाठचा शेवट होता, तिथे जायला कोणी तयार नसे. पण जमीन सरकारी होती, रस्त्यांचं जाळं मोठ्या शहराच्या हिशेबाने आखलं होतं, आणि कांदिवली स्टेशन बसच्या टप्प्यात होतं. लोकांनी आधी पत्रे घातले, मग विटा, मग माळा चढवला. आज तिथून मेट्रो जाते. मला जर कोणी म्हटलं की टोकाला घर देणं म्हणजे अन्यायच, तर मी चारकोप दाखवतो. आणि कोणी म्हटलं की शहर वाढत वाढत शेलूपर्यंत येईलच, तर विरार-बोळींज दाखवतो, जिथे म्हाडाची हजारो घरं पाण्यावाचून आणि गिऱ्हाइकावाचून कित्येक वर्षं पडून राहिली. म्हाडाला ती पुन्हा पुन्हा सोडतीत काढावी लागली.

हा घोळ फक्त आपला नाही. चिलीत सत्तरीच्या दशकाच्या शेवटापासून घरामागे ठरावीक अनुदान देत होते आणि सँतियागोच्या कडेला मैलोनमैल तशीच घरं उभी राहिली. इकिके या गावी २००४ च्या सुमारास वास्तुकार आलेहान्द्रो आरावेनाच्या चमूने उलटा मार्ग धरला. शंभरेक कुटुंबं शहराच्या मध्यावर तीस वर्षं बसलेली. जमीन नेहमीच्या सामाजिक घरांच्या जमिनीपेक्षा तिप्पट महाग. कुटुंबामागे अनुदान साडेसात हजार डॉलर, त्यातच जमीन, रस्ते, घर सगळं. त्यांनी जमीन घेतली आणि उरलेल्या पैशांत अर्धंच घर बांधलं. दुसरा अर्धा भाग लोकांनी भरायचा. चांगल्या जागेवरचं अर्धं घर पुढे पूर्ण होतं, पण वाईट जागेवरचं पूर्ण घर उचलून आणता येत नाही. पुढे सरकारने चांगल्या जागेसाठी वेगळं, जादा अनुदानही सुरू केलं. त्याने घरं थोडी आत सरकली, पण जमीनमालकांनीही भाव वाढवून त्यातला वाटा खाल्ला. अनुदान वाढवा म्हणणाऱ्या आपल्याकडच्या संघटनांनी हा भाग नीट वाचावा. जमीन खाजगी आणि अनुदान जाहीर, अशा बाजारात अनुदानाची रक्कम विकणाऱ्याला आधी कळते.

आपल्याकडे काहीच बदललं नाही असं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरपासून टीडीआर रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दरांशी जोडला गेला: जिथून निघाला तिथला दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर. पंचवीस वर्षं उशिरा का होईना, स्वस्तातून महागात उडी मारण्याचा नफा कागदावर कापला गेला. हे सूत्र १९९१ लाच असतं तर मानखुर्दचा नकाशा वेगळा असता असं माझं ठाम मत आहे. मात्र धारावीच्या टीडीआरला २०२३ मध्ये या सूत्रातून सूट दिली गेली. आणि धारावीतल्या अपात्र ठरणाऱ्यांसाठी ज्या जमिनी निघाल्या त्या कांजूर-भांडुप-मुलुंडची मिठागरं आणि देवनारच्या डम्पिंगचा भाग. देवनार म्हणजे पुन्हा एम पूर्व.

दुसरा उपाय २०१३ चा: चार हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर वीस टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी म्हाडाला. तत्त्व मला पटतं, कारण इथे जागा बिल्डर आपल्या धंद्यासाठी निवडतो आणि स्वस्त घर तिथेच किंवा जवळपास यावं लागतं. पळवाटही तितकीच साधी आहे, भूखंडाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा चार हजाराच्या आत ठेवायचा.

ताई, आता तुमच्यापुरतं. नाव नोंदवण्याआधी योजनेच्या शासन निर्णयाची प्रत मिळवा आणि तिच्यात पाहा की शेलूचं घर नाकारलं तर मुंबईतल्या पुढच्या सोडतीतला तुमचा हक्क राहतो की जातो. यावरूनच २०२५ मध्ये एवढी आंदोलनं झाली. पाणी कोणत्या योजनेतून आणि कधी, हे विकासकाला विचारू नका, स्थानिक नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी विचारा. साडेनऊ लाखांच्या कर्जाचा हप्ता, वर मेंटेनन्स, आणि घरातल्या कमावत्या प्रत्येकाचा रेल्वे पास आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा, असं सगळं एका कागदावर मांडा. आज परळला किंवा डोंबिवलीला देता त्या भाड्याशी ते ताडून बघा. विक्रीवर किती वर्षं बंदी आहे तेही वाचा, कारण घर भाड्याने द्यायचा विचार असेल तर शेलूला भाडेकरू कोण, याचं उत्तर कोनच्या १६० फुटी खोल्यांनी दिलेलंच आहे. घरात कोणी अंबरनाथ-बदलापूरकडे कामाला असेल तर मात्र गणित पूर्ण फिरतं. अशा कुटुंबाला मी घर घ्या म्हणेन.